यादी सर्वांना, गाडी काहींनाच!

अमेरिकेत १ जूनला हरिकेनचा मोसम सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो तेच अटलांटिक महासागरात उठले की हरिकेन होते. मोसमाच्या तोंडावर तिथले सरकार, रेडक्रॉस आणि दूरचित्रवाहिन्या घराघरांसाठी एक यादी प्रसिद्ध करतात. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी साठवा. किमान तीन दिवस पुरेल असे न शिजवता खाता येणारे अन्न ठेवा. बॅटरी, रेडिओ, औषधे, रोख पैसे आणि कागदपत्रे जलरोधक पिशवीत घाला. गाडीची टाकी भरून ठेवा. आणि घर सोडण्याचा आदेश निघाला की निघा!

ही यादी चुकीची आहे काय? मुळीच नाही. उलट, समुद्राकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी अशी आहे. कारण यादीतल्या एकेका वस्तूमागे कुणाचे तरी मरण आहे. रोख पैसे कशाला? तर वीज गेली की कार्ड चालत नाही आणि पैसे देणारी यंत्रे बंद पडतात. औषधे जास्तीची का? तर दुकान उघडेपर्यंत मधुमेहाचा रोगी थांबू शकत नाही. जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांब ठेवा, असे बजावले जाते, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेले कुटुंब झोपेतच जाते. २०२० सालच्या लॉरा हरिकेनमध्ये लुईझियाना राज्यात समुद्राच्या लाटेने मेलेल्यांपेक्षा या धुराने मेलेले जास्त होते. वादळातून वाचलेली माणसे वादळानंतरच्या उपायाने मेली!

आणखी एक गोष्ट सामान्य माणसाला उलगडून सांगितली जात नाही. हरिकेनला एक ते पाच असे क्रमांक देतात ते केवळ वाऱ्याच्या वेगावरून. पण माणसे प्रामुख्याने वाऱ्याने मरत नाहीत, पाण्याने मरतात. वादळ समुद्राचे पाणी ढकलून किनाऱ्यावर चढवते, नद्या फुगवते, दिवसदिवस पाऊस पाडते. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेतल्या अशा वादळांत जे मृत्यू झाले त्यांतले दहापैकी जवळजवळ नऊ पाण्यामुळे झाले, असा तिथल्या हरिकेन केंद्राचाच हिशेब आहे. म्हणून खिडक्यांना प्लायवुड ठोकणारा माणूस वाऱ्यापासून वाचतो. पाण्यापासून वाचायचे तर त्याला तिथून उठून जावेच लागते. आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो. उठून जायचे कसे, कशाने आणि कुठे?

यादी ज्या माणसाला समोर धरून केली आहे, तो माणूस नीट पाहा. त्याच्याकडे गाडी आहे. टाकी भरायला आणि तीन-चार रात्री हॉटेलात काढायला पैसे आहेत. दोन दिवस कामावर गेला नाही तर त्याची नोकरी जात नाही. दोनशे मैलांवर त्याचा कुणीतरी नातेवाईक मोठ्या घरात राहतो. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याच्या हातातही तीच यादी पडते. मग वादळ येऊन गेल्यावर त्यालाच विचारले जाते, ‘‘आदेश निघाला होता, तू का गेला नाहीस?’’

कॅटरिना आठवा. २८ ऑगस्ट २००५, रविवार. न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वादळ धडकले. त्या शहरातल्या चारपैकी सुमारे एका कुटुंबाकडे गाडी नव्हती. त्यातही तो महिन्याचा शेवट होता. ज्यांचे घर सरकारी मदतीच्या किंवा पेन्शनच्या चेकवर चालते त्यांचे हात २८ तारखेला रिकामे असतात, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. वादळ चार-पाच दिवस उशिरा आले असते तर कदाचित काही हजार माणसे अधिक बाहेर पडली असती! शहराच्या शाळांच्या बसगाड्या रांगेने उभ्या होत्या. त्या कुणी बाहेर काढल्या नाहीत. त्यांचे पाण्यात बुडालेले छायाचित्र जगाने पाहिले.

संरक्षक भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. मृतांचा आकडा बरीच वर्षे अठराशेच्या वर सांगितला जात होता. २०२३ मध्ये हरिकेन केंद्राने तो १३९२ असा सुधारला. लुईझियानात मेलेल्यांपैकी जवळपास निम्मे ७५ किंवा त्याहून अधिक वयाचे होते. ज्यांना कुणीतरी हात धरून न्यायला हवे होते, तेच राहिले आणि मेले. जे पायी निघाले त्यांचे काय झाले? नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या ग्रेट्ना गावाकडे चाललेल्या लोकांना, ज्यांत बहुसंख्य काळे होते, तिथल्या पोलिसांनी बंदुका दाखवून आणि हवेत गोळ्या झाडून परत पाठवले. दुसऱ्या एका पुलावर, ४ सप्टेंबरला, शहराच्या पोलिसांनी निःशस्त्र काळ्या माणसांवर गोळीबार केला आणि दोघे मेले. वृत्तपत्रांतली छायाचित्रेही आठवतात. छातीएवढ्या पाण्यातून खाण्याचे सामान घेऊन चाललेला काळा तरुण ‘लुटून’ आणतो आहे आणि तेच करणाऱ्या गोऱ्या जोडप्याला ते ‘सापडले’ आहे. मराठीत वर्णद्वेष हा शब्द आपण गोऱ्या-काळ्यांसाठी वापरतो. त्यातला वर्ण कुठून आला हे कुणी विचारत नाही.

हे काही २००५ सालीच घडले असे नाही. १९२८ च्या सप्टेंबरमध्ये फ्लॉरिडात ओकीचोबी तळ्याचा बांध हरिकेनने फुटला. किमान अडीच हजार माणसे मेली आणि त्यांत मोठा भरणा शेतावर राबणाऱ्या काळ्या मजुरांचा होता. वेस्ट पाम बीच शहरात प्रेते आणली गेली तेव्हा लाकडी पेट्या गोऱ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. ६७४ काळ्या माणसांना एका खड्ड्यात, पेटीशिवाय पुरले. त्या जागेवर कित्येक वर्षे साधी पाटीसुद्धा नव्हती.

वस्त्यांची समजूत मात्र पिढ्यान् पिढ्या पक्की होत जाते. १९६५ साली बेट्सी हरिकेनने न्यू ऑर्लिन्सचा लोअर नाइन्थ वॉर्ड बुडवला. पाणी चढू लागले तशी माणसे छताखालच्या पोटमाळ्यावर गेली आणि तिथेच अडकली, कारण वर छप्पर आणि खाली पाणी. तेव्हापासून तिथल्या जुन्या घरांत पोटमाळ्यावर कुऱ्हाड ठेवायची रीत पडली. छप्पर फोडून बाहेर येता यावे म्हणून! कॅटरिनात कित्येकांनी तसेच छप्पर फोडले, कित्येकांकडे कुऱ्हाड नव्हती. ज्या वस्तीला पोटमाळ्यावर कुऱ्हाड ठेवावी लागते तिला आपल्याला न्यायला बस येणार नाही याची खात्री झालेली असते, एवढेच त्यातून कळते.

मी वकील आहे. त्यामुळे माझे लक्ष यादीतल्या ज्या कलमावर सर्वांत जास्त थांबते ते म्हणजे ‘कागदपत्रे जलरोधक पिशवीत ठेवा’. वाचायला अगदी साधे! पण पिशवीत ठेवायला कागद असावा लागतो ना?

लोअर नाइन्थ वॉर्ड ही गरीब काळ्या लोकांची वस्ती. पण भाडेकरूंची नव्हे. तिथे स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण शहराच्या सरासरीपेक्षा जास्त होते. आजोबांनी बंदरावर राबून घर बांधले, मृत्युपत्र न करता वारले, मुले राहत राहिली, मग नातवंडे. कर भरला जात होता, कुणी हटकत नव्हते, म्हणून नाव बदलायला कुणी गेले नाही. वकिलाला द्यायला पैसेही नव्हते आणि कचेरीवर विश्वासही नव्हता. वादळानंतर सरकारने मदतीच्या अर्जासोबत मालकीचा पुरावा मागितला. कागदावर मालक कोण? तर पन्नास वर्षांपूर्वी वारलेला माणूस! अशा वारसाहक्काच्या घरांतल्या सुमारे वीस हजार मालकांना मदत नाकारली गेली, असा अंदाज नंतर मांडला गेला. २०१७ मध्ये मारिया हरिकेननंतर प्वेर्टो रिकोत हजारो कुटुंबांची तीच गत झाली. अमेरिकेच्या आपत्ती संस्थेने, म्हणजे फेमाने, अशा घरांसाठी मालकाचे स्वयंघोषणापत्र चालेल असा नियम केला तो २०२१ च्या सप्टेंबरमध्ये. कॅटरिनानंतर सोळा वर्षांनी!

ज्यांच्याकडे कागद होता त्यांची तरी सुटका झाली का? लुईझियाना राज्याने घरे पुन्हा उभारण्यासाठी ‘रोड होम’ नावाची योजना काढली. तिच्यात अनुदानाला मर्यादा घातली ती वादळापूर्वीच्या घराच्या बाजारभावाची. आता समजा, दोन घरे आहेत. सारखीच मोठी, सारखीच मोडलेली, दुरुस्तीचा खर्चही सारखाच. एक गोऱ्या वस्तीत, दुसरे काळ्या वस्तीत. काळ्या वस्तीतल्या घराला बाजारात निम्माच भाव, कारण ते काळ्या वस्तीत आहे. म्हणून अनुदानही निम्मेच. विटा, लाकूड, सुतार मात्र दोघांना एकाच दराने! नियमात ‘काळा’ हा शब्द कुठेही नव्हता आणि तरीही नियम काळ्या माणसालाच लागला. घरमालकांनी आणि निवासहक्कासाठी लढणाऱ्या संघटनांनी २००८ साली खटला भरला. २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. तोवर कितीतरी माणसे टेक्सासात आणि जॉर्जियात कायमची स्थिरावली होती. आजही त्या वॉर्डात रिकाम्या भूखंडांवर गवत माजलेले आहे.

विम्याचेही ऐका. अमेरिकेतल्या नेहमीच्या गृहविम्यात पुराचे नुकसान येत नाही. त्यासाठी १९६८ पासून सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो घेतल्यानंतर साधारण तीस दिवसांनी लागू होतो. म्हणजे वादळ नकाशावर दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. कॅटरिनानंतर विमा कंपन्यांनी कोर्टात उभे राहून सांगितले, घर वाऱ्याने नव्हे, पाण्याने पडले. घराचा पायाच वाहून गेला, आता वारा की पाणी हे सिद्ध कोण करणार आणि कशावरून? म्हणून तिथले जाणकार सांगतात की मोसमाआधी घराच्या प्रत्येक खोलीचे, छपराचे, यंत्रांच्या क्रमांकांचे फोटो काढा आणि ते दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे पाठवा. हा सल्ला मला बाकी अर्ध्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो. त्याला पैसे लागत नाहीत आणि पुढे कोर्टात तोच बोलतो.

एक गोष्ट जाता जाता. कॅटरिनानंतर पुढच्याच वर्षी, २००६ साली, स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार केलाच पाहिजे असा कायदा अमेरिकेने केला. हसू नये, कारण कुत्र्याला सोडून जायचे नाही म्हणून कितीतरी म्हातारी माणसे घरातच थांबली होती. कायदा शहाणपणाचाच आहे. फक्त कुत्र्याला एका वर्षात न्याय मिळाला आणि आजोबांच्या नावावरच्या घराला सोळा वर्षे लागली, एवढेच नोंदवून ठेवतो.

तयारीचा दुसरा मार्ग त्याच समुद्रात, फ्लॉरिडापासून दीडशे किलोमीटरवर आहे. क्यूबा गरीब देश. तिथे विरोधात बोलणाऱ्याला तुरुंगात टाकतात आणि त्या राजवटीची भलामण करण्याची मला गरज नाही. पण वादळाच्या बाबतीत तिथे तयारी घरावर सोडलेली नाही. दरवर्षी मे महिन्यात देशभर सराव होतो. कोणत्या गल्लीत कोणती बाई गरोदर आहे, कोण अंथरुणावर आहे, कुणाचे घर कच्चे आहे याची माहिती वस्तीतल्या डॉक्टरकडे आणि गल्लीच्या समितीकडे आधीच असते. ‘जा’ असे सांगण्याऐवजी ‘चल’ म्हणत कुणीतरी दारात येते. २००४ मध्ये आयव्हन हरिकेनच्या वेळी तिथे पंधरा लाखांहून अधिक माणसे हलवली गेली आणि क्यूबात एकही माणूस मेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात मेलिसा आले तेव्हाही सात लाखांहून अधिक लोक हलवले गेले. हेच मेलिसा २८ ऑक्टोबरला सर्वोच्च, म्हणजे पाचव्या क्रमांकाचे वादळ म्हणून जमैकावर धडकले आणि तिथे चाळीसहून अधिक माणसे गेली. हैतीवर तर ते थेट धडकलेच नाही. नुसत्या पावसाने नदी फुटली आणि तिथेही चाळीसच्या वर मेली. वादळाचा क्रमांक तोच धरला तरी मरणाचा हिशेब देशागणिक बदलतो.

न्यू ऑर्लिन्सही काही शिकले, हे सांगायलाच हवे. गाडी नसलेल्यांसाठी शहरात सतरा ठिकाणे ठरवली गेली. तिथे येऊन उभे राहायचे, बस येईल आणि बाहेर नेईल. २००८ साली गुस्ताव हरिकेनच्या वेळी सुमारे अठरा हजार लोक अशा रीतीने बस आणि रेल्वेने बाहेर नेले गेले. म्हणजे करता येत होते! २००५ सालीही करता येत होते. पण शिकलेला धडा शेजारच्या शहराला पोहोचतोच असे नाही. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा उरलेला पाऊस न्यूयॉर्कवर कोसळला आणि तळघरातल्या खोल्यांत अकरा माणसे बुडून मेली. ही बहुतेक बाहेरून पोट भरायला आलेली माणसे होती. त्या खोल्या बहुतेक बेकायदा, म्हणून सरकारदप्तरी त्यांची नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून त्यांना उठवायला कुणी गेले नाही.

कुणी म्हणेल, अमेरिकेच्या वादळाशी आपला काय संबंध? १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. त्यांना संबंध दिसत होता. आणि कॅटरिनाच्या बरोबर चौतीस दिवस आधी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीकाठच्या झोपडपट्ट्यांत काय झाले ते आपण पाहिले आहे. त्याआधी २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिनमच्या मदत छावण्यांतून दलित कुटुंबांना वेगळे काढले गेल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच्या कलम ६१ मध्ये नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान पातळी ठरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांनी हे कलम ६१ कधी अर्जात लिहिले आहे?

पण मला जास्त भीती वाटते ती भेदभावाचा शब्दही न उच्चारणाऱ्या नियमाची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. अशा वादळानंतर पंचनामा होतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, घर कुणाच्या नावावर? आणि गावाच्या टोकाला असलेल्या आपल्या वस्तीत कितीतरी घरांचा नमुना आठचा उतारा अजून आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या नावाने निघतो. जमीन वतनाची, वाटणी तोंडी, भाऊ मुंबईला, बहिणीचे नाव कुठेच नाही. लोअर नाइन्थ वॉर्डातले प्रकरण माझ्या टेबलावरच्या प्रकरणापेक्षा मला वेगळे दिसत नाही.

जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने जमीन मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. तीन महिने उलटले म्हणून हक्क जात नाही, उशिराही देता येते. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, पत्ते आणि अर्ज. घराची नोंद ग्रामपंचायतीत वेगळी करावी लागते, तिचा अर्ज ग्रामसेवकाकडे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, तिचा फोटो काढावा आणि तो मुंबईतल्या भावाच्या फोनवर पाठवून ठेवावा. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. या दोन्हींच्या मधले महिने कचेरीच्या फेऱ्यांसाठी पुरेसे आहेत.